पाठीचा आधार

अस्थिशल्यविशारदाने हाती पाना घ्यावा यात वस्तुतः नवल नाही. हातोडी, छिन्नी आणि स्क्रू ही आमचीही अवजारेच. तरीही मोटारीच्या एका बोल्टाने मला जो धडा शिकवला, तो सुहृदांना सांगणे अगत्याचे वाटते.

२००६ साली माझ्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या दादांच्या, गुडघ्याची वाटी मोडली. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. पाय वाकवणे अशक्य. इंदूरच्या तुकोगंजातून तपासणीला नेताना आमच्या मारुती ८०० मध्ये तो पाय ठेवावा कोठे? मी पुढच्या डाव्या सीटची पाठ सोडवून काढली. दादा मागे बसून पाय सरळ पुढच्या गादीवर ठेवीत. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. पाठ मात्र व्हरांड्यात धूळ खात राहिली. अखेर एके दिवशी दादा म्हणाले, "आता मला पुढे बसू दे. मागून रस्ता दिसत नाही."

त्याच संध्याकाळी मी पाठ बसवायला घेतली. एक बोल्ट तिरका जाऊन अडला. पान्याने जोर लावला, तसा तो आत गेला. पाठ हलवून पाहिली, किंचित कुरकुरली. दादा दार उघडून उभेच होते. त्या क्षणी मनात आले, रुग्णाच्या हाडात स्क्रू असा गेला असता, तर मी टाके घालून मोकळा झालो असतो काय?

दादांना थांबवले आणि गाडी मिस्त्रीकडे नेली. बोल्ट काढून पाहताच तो म्हणाला, "डॉक्टर साब, चूड़ी मर गई है." त्याने आटे साफ करून नव्याने पाडले आणि त्याच मापाचा, तितकाच मजबूत बोल्ट आणला. सर्व बोल्ट आधी नुसत्या हाताने दोन-तीन आटे फिरवले, मग आळीपाळीने आवळले. शेवटी खटका लावून पाठ पुढेमागे जोराने ओढून पाहिली. हाडावर प्लेट बसवताना आम्ही तरी निराळे काय करतो?

मागून धडक बसली की सीटची पाठ धडाला पुढे ढकलते, डोके क्षणभर मागे राहते आणि मानेला हिसका बसतो. म्हणून पाठ पक्की हवी आणि डोक्याच्या टेकूचा माथा निदान कानांच्या वरच्या कडेइतका उंच हवा. आज अनेक गाड्यांच्या सीटमध्येच एअरबॅग असते. तेथे तर घरगुती हातांनी जाऊच नये.

दादा पुढे बसले, निःशंकपणे मागे रेलले. पाठीमागे काय घडले होते, हे त्यांना मी कधीच सांगितले नाही.