शहरातला पार

आपल्या मावळात गाव लहान असो की मोठं, बसायला प्रत्येकाला जागा असते. म्हाताऱ्यांना पार असतो, पोरांना तालीम असते, भजनी मंडळाला देवळाचा सभामंडप असतो. भातलावणीच्या दिवसांत खाचरात वाकलेल्या बायकासुद्धा एकमेकींपाशी मन मोकळं करतात. पण ज्याच्या मनातली गोष्ट या कुठल्याच बैठकीत बोलता येत नाही, त्याने जावं कुठे? काही पुरुषांना पुरुषाचीच ओढ असते आणि काही स्त्रियांना स्त्रीची. त्यांना समलिंगी म्हणतात. ही माणसं शहराकडे का जातात, तिथे त्यांचं जग कसं उभं राहिलं आणि आपला त्याच्याशी काय संबंध, हे आज पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. समलिंगी म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तमाशातला नाच्या उभा राहतो. पण नाच्या ही एक भूमिका आहे. मराठी चित्रपटांत ती गाजवणारे गणपत पाटील घरी बायकामुलं असलेले संसारी गृहस्थ होते. उलट, कुस्तीच्या फडात नाव काढणारा एखादा गडी समलिंगी असू शकतो. चालण्याबोलण्यावरून मनाची ओढ ओळखता येत नाही. हा रोगही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलिंगी असणं रोगांच्या यादीतून काढून टाकलं.

आता शहराकडे वळू. मुंबईत पूर्वी ही माणसं एकमेकांना भेटत ती रेल्वेच्या फलाटावर, नाहीतर बागेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. तिथे दोन भीती असत. एक पोलिसाची आणि दुसरी, ‘घरी सांगतो’ म्हणून पैसे उकळणाऱ्याची. १८६० साली इंग्रजांनी केलेल्या दंडसंहितेतलं ३७७ वं कलम दोघांच्याही हातात आयतंच होतं. घरात बोलायची सोय नाही आणि बाहेर कायद्याचा धाक, मग माणूस अंधारच शोधणार, नाही का?

हळूहळू दिवस पालटले. १९९० साली अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं. १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. एड्सच्या साथीत लोकांना माहिती देणं आणि औषधपाण्याची वाट दाखवणं हे मोठं काम त्याने केलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तकं लिहिली. ‘पार्टनर’ ही त्यांचीच कादंबरी. याचं महत्त्व मोठं आहे. ज्याला इंग्रजी येत नाही, त्यालाही आपली गोष्ट आपल्या भाषेत वाचता आली.

रात्रीच्या जगाचंही सांगायला हवं, कारण त्याविषयी अफवाच फार. कुलाब्यात ‘व्हूडू’ नावाचा एक पब होता. तिथे शनिवारच्या रात्री समलिंगी मंडळी जमत. गाणी लागत, नाच होई. तुम्ही म्हणाल, हे तर श्रीमंतांचे चोचले! काही अंशी खरं आहे. आत जायला पैसे लागत आणि गरिबाला ते परवडत नसे. पण नुसता नाच हेच तिथलं आकर्षण नव्हतं. आठवडाभर कचेरीत, घरात, शेजारात खोटं बोलून दमलेल्या माणसाला तिथे चार तास खरं वागता येई. बायकांना मात्र रात्रीचं बाहेर पडणं सोपं नव्हतं. त्या घराघरांतून भेटत. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ नावाचा त्यांचा गट सुरू झाला.

रंगभूमीने तर याच्याही आधी हा विषय मांडला होता. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. त्यातल्या मित्राला एका मुलीची ओढ आहे. तिला समजून घेणारं जग भोवती नाही, आणि अखेर ती जिवाला मुकते. पुढे २०१० साली मुंबईत या विषयावरच्या चित्रपटांचा ‘कशिश’ महोत्सव सुरू झाला आणि २०११ साली पुण्याच्या रस्त्यावरून पहिली अभिमान पदयात्रा निघाली. अंधाऱ्या फलाटापासून भर दिवसाच्या रस्त्यापर्यंतची ही वाट आहे. शहरात या मंडळींना बसायला पार मिळाला, तो असा.

कायद्याची वाट नागमोडी निघाली. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला असा संबंध गुन्हा नाही. लग्नाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालात मिळाला नाही.

आता आपल्याकडचं पाहू. लोणावळ्याहून लोकल निघते ती मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव करीत पुण्याला पोचते. द्रुतगती मार्ग झाला, कारखाने आले, आणि शहर आपल्या दारापर्यंत आलं. खिशातल्या फोनवर तर ते घरातच आलं आहे. कामशेतचा पोरगा आता खाटेवर पडल्या पडल्या पुण्यातल्या अनोळखी माणसाशी बोलू शकतो. यात सोय आहे तसा धोकाही आहे. गोड बोलून आडबाजूला बोलवायचं, फोटो काढायचे आणि पैसे मागायचे, असे प्रकार होतात. म्हणून पहिली भेट चारचौघांत, उजेडी व्हावी. आणि कोणी धमकावलंच, तर पोलिसांत जायला भ्यायचं कारण नाही. आज गुन्हा समलिंगी असणं हा नव्हे, खंडणी मागणं हा आहे. समोरचं मूल अठराच्या आतलं असेल, तर मुलगा असो वा मुलगी, २०१२ चा बालसंरक्षण कायदा त्याच्या पाठीशी आहे.

आईबापांना एक सांगणं आहे. ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ हा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. त्याने कोणी सुधारत नाही. एकाच्या जागी दोघांचा जन्म वाया जातो, आणि त्यातली दुसरी कोणाची तरी लेक असते. ‘बरं करतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडेही जाऊ नका. असे उपचार करणं हे डॉक्टरी पेशाला न शोभणारं वर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली कळवलं आहे. मुलाचं मन खचलं असेल, तर मात्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलते.

गुरुजी आणि बाई, तुमच्या हातात तर पुष्कळ आहे. वर्गात ‘बायल्या’ म्हणून एखाद्याला चिडवतात तेव्हा आपण हसून सोडून देतो. ते तिथल्या तिथे थांबवा. एखादं मूल विश्वासाने काही बोललं, तर पूर्ण ऐका, आणि त्याला विचारल्याशिवाय घरी किंवा गावात सांगू नका. उत्तर देता आलं नाही तरी चालेल. ऐकून घेणारं एक मोठं माणूस आहे, एवढं कळलं तरी त्या मुलाला बळ येतं.

शहरात मुलाला पार मिळाला हे चांगलंच झालं. पण त्याने तो शोधत घर कायमचं सोडावं, हे काही चांगलं नव्हे. म्हाताऱ्या आईबापाला त्याची गरज आहे, आणि त्यालाही त्यांची. तो सणाला घरी आला आणि खरं बोलला, तर त्याला शेजारी बसवून घ्या. तेवढी जागा आपल्या पारावर खास आहे.