खालिद जमील आणि बचाव पक्षाची बाजू

भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदी १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची निवड झाली आणि फुटबॉलप्रेमींत जुनाच वाद पेटला. हा माणूस बचावात्मक खेळवतो, याला आक्रमण शिकवता येत नाही, असा एका बाजूचा आरोप. सावियो मेदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आले, याचे सुतक पाळल्यासारखा काहींचा सूर होता.

माथेरानच्या हातरिक्षावाल्या तरुणांतही हा वाद आम्ही ऐकला. खालिद यांच्या नेमणुकीनंतर पाचच दिवसांनी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षाची अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करून या श्रमिकांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला होता. त्यावर बोलायला आम्ही गेलो, तर पोरे फुटबॉलवर भांडत होती! एक म्हणाला, "गोल मारल्याशिवाय मॅच जिंकतात काय?" दुसऱ्याने त्याला गप्प केले, "उताराला रिक्षा कोण सांभाळतो रे? पुढचा का मागून धरणारे? मागच्यांनी सोडली तर पॅसेंजर गेला दरीत."

आम्हाला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. ज्याच्याकडे महागडे आघाडीवीर नाहीत, तो आधी आपले घर राखतो. तुटपुंज्या पैशावर चालणाऱ्या मिझोरामच्या आयझॉल संघाला खालिद यांनी २०१७ साली आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. मोहन बागान, ईस्ट बंगालसारखे धनदांडगे मागे राहिले. ईशान्येच्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तरीही २०१४ साली सुरू झालेल्या आयएसएलमध्ये पहिला कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक व्हायला २०२१ उजाडले. राबायला आपला माणूस चालतो, सूत्रे मात्र दुसऱ्याच्या हाती!

ही रीत आम्हाला नवी नाही. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या पाळवणकर बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच दिले गेले नाही. १९२३ साली ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही झगडल्यावर. खालिद यांची कहाणी वेगळी आहे, दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पण गुण मान्य आणि नेतृत्व अमान्य, हे दुखणे ओळखीचे आहे.

म्हणून आम्ही खालिद यांची आंधळी वकिली करणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात फातोर्डा मैदानावर आघाडी घेऊनही भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशानेही हरवले. बचावाचा उस्ताद म्हणवणाऱ्याने आघाडी राखता न येणे, याचा जाब द्यावाच लागेल.

मात्र आरोपपत्र पूर्ण वाचा. याच पात्रता फेरीत बांगलादेशाशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून पराभव आधीच पदरी पडला होता, तो मानोलो मार्केझ यांच्या काळात. त्यांच्या आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीववर. शिवाय खालिद आले तेव्हा आयएसएलचा हंगामच लांबणीवर पडला होता. खेळाडूंना लीगचे सामनेच नव्हते. हा दोष कोणत्या प्रशिक्षकाच्या खात्यावर टाकायचा? महासंघाचे पदाधिकारी कोणत्या पिंजऱ्यात उभे राहणार?