मत सभासदाचें कीं मतदारसंघाचें?

आपल्या भागाचा प्रतिनिधि शेतमालाच्या भावासंबंधीं कायदेमंडळांत काय बोलला, हें शेतकरी आवर्जून विचारतो. पण त्यानें तसें मत कां दिलें, ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा पारावरच देऊन टाकण्यांत येतें. कोणी म्हणतो गडी फिरला, कोणी म्हणतो त्याचे हात ओले झाले. निवडून येण्याची चिंता सभासदाच्या विचारांत कोठवर शिरते, हें अधिक बारकाईनें पाहावयाचें असेल, तर विलायतेंतील धान्याच्या कायद्याची हकीकत फार उपयोगी आहे. एक तर प्रश्न गव्हाच्या भावाचा, म्हणजे आपल्या ओळखीचा; आणि दुसरें असें कीं, कॉमन्स सभेंत कोणी कोणत्या बाजूस मत दिलें ह्याच्या नांवनिशीवार याद्या १८३६ पासून सरकारी रीतीनें छापल्या जात असत.

१८१५ सालच्या कायद्यानें असें ठरलें कीं, देशांतील गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलांस, ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहूं बाजारांत येऊं द्यावयाचा नाहीं. १८२८ सालीं ही बंदी जाऊन सरकती जकात आली. भाव उतरला कीं जकात चढावयाची, भाव चढला कीं ती उतरावयाची. गहूं महाग राही तों जमिनीचा खंडहि चढा राही. म्हणून जमीनदारांस ही व्यवस्था प्राणाहून प्रिय, आणि गिरणीच्या गांवांतील मजुरांस व त्यांच्या मालकांस ती डोळ्यांत सलणारी.

आतां मतदारसंघ पाहा. १८३२ च्या सुधारणेच्या कायद्यांत एक कलम असें शिरलें कीं, परगण्यांत वर्षास ५० पौंड खंड भरणाऱ्या कुळास, त्याच्याजवळ पक्का पट्टा नसला तरी, मताचा हक्क मिळावा. वरवर पाहतां ही कुळांवर मेहेरबानी. पण त्या काळीं मत उघड द्यावें लागे. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ पर्यंत झाला नव्हता. पट्टा नसलेलें कूळ मालकाच्या देखत मत देणार, तें कोणास देणार? त्यामुळें परगण्यांत जमीनदारांस नको असलेला मनुष्य निवडून येणें कठीण, पुष्कळ ठिकाणीं तर उभा राहणेंहि कठीण.

येथें वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. दडपण म्हटलें कीं सभासदाचा हात कोणीतरी धरून फिरवीत आहे असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु दडपणाचा खरा जोर त्याच्या फार आधीं, उमेदवार निवडतांनाच, लागतो. ज्याची श्रद्धाच संरक्षक जकातीवर आहे तोच पुढें येतो, आणि मग त्याचें मत प्रामाणिकहि असतें व मतदारसंघास सोईचेंहि असतें. अशा मनुष्यास ढोंगी म्हणतां येत नाहीं, आणि स्वतंत्रहि म्हणतां येत नाहीं.

१८४१ च्या निवडणुकींत सर रॉबर्ट पील ह्यांचा हुजूर पक्ष बहुमतानें आला, तो मुख्यतः जकात राखली जाईल ह्या भरंवशावर. पुढें कॉब्डन व ब्राइट ह्यांच्या संघाची चळवळ मँचेस्टरांतून देशभर पसरली. १८४५ च्या शरदांत आयर्लंडांतील बटाट्यावर करपा पडला. आणि पील ह्यांनीं ही जकात १८४९ पर्यंत नाममात्र एका शिलिंगावर आणण्याचें बिल मांडलें. १५ मे १८४६ रोजीं तिसऱ्या वाचनास अनुकूल ३२७ व प्रतिकूल २२९ मतें पडलीं. पील ह्यांच्या स्वतःच्या पक्षांतील सुमारें दोनतृतीयांश सभासद विरुद्ध गेले. विरोधकांच्या हातभारानें बिल तरलें. प्रधानपद जून महिन्यांतच गेलें. मात्र पील ज्या टॅमवर्थ गांवचे प्रतिनिधि होते तेथें त्यांच्या घराण्याचेंच वजन असल्यामुळें, निदान जागेपुरतें तरी हें धैर्य त्यांस स्वस्त पडलें, असें म्हटल्यास अन्याय होऊं नये.

इतरांस तसें नव्हतें. लॉर्ड लिंकन हे दक्षिण नॉटिंगहॅमशायरचे सभासद. सरकारी पद स्वीकारल्यामुळें त्या वेळच्या नियमाप्रमाणें त्यांस पुन्हा निवडून यावें लागलें. त्यांचे वडील न्यूकॅसलचे ड्यूक कट्टर संरक्षणवादी. त्यांनीं उघडपणें मुलाच्या विरुद्ध वजन खर्चिलें, आणि फेब्रुवारी १८४६ मध्यें मुलगा पडला. ह्याच ड्यूकच्या छत्राखालीं ग्लॅडस्टन न्यूअर्कहून निवडून येत. मंत्रिपद घेतल्यावर त्यांस ती जागा परत मिळण्याची आशा राहिली नाहीं. तेव्हां हा मंत्री साऱ्या वादांत सभागृहाबाहेर राहिला आणि ज्या बिलाचा तो कैवारी, त्यास त्याला एक मतहि देतां आलें नाहीं. डॉर्सेटचे लॉर्ड ॲशली ह्यांनीं निराळीच वाट धरली. जकात जाणेंच योग्य अशी त्यांची खात्री झाली. पण संरक्षणवादी मतदारांनीं आपणांस निवडलें असल्यामुळें त्या जागेवरून तसें मत देणें बरें नव्हे, म्हणून त्यांनीं राजीनामा दिला. त्याचा परिणाम असा झाला कीं, गिरणीमजुरांच्या दहा तासांच्या ज्या बिलासाठीं ते वर्षानुवर्षें झगडले, तें १८४७ सालीं संमत झालें तेव्हां ते सभासद नव्हते. १७७४ सालीं ब्रिस्टलच्या मतदारांस, प्रतिनिधीनें आपली बुद्धि त्यांच्या मर्जीवर ओवाळून टाकूं नये असें बजावणाऱ्या एडमंड बर्क ह्यांसहि १७८० मध्यें त्या शहरांतून माघार घ्यावी लागली होती.

अलीकडील संशोधकांनीं ह्या याद्या गणिताच्या रीतीनें तपासल्या आहेत. शेरिल शोनहार्ट-बेली ह्यांच्या २००६ सालच्या ग्रंथाचा रोख असा कीं, पील ह्यांच्यामागून गेलेल्या सभासदांचे मतदारसंघ बाकीच्या हुजूरपक्षीयांपेक्षां खुल्या व्यापाराकडे अधिक झुकलेले होते. म्हणजे आधींचीं वर्षें ते पक्षाच्या तत्त्वाकडे पाहून मत देत होते, आणि कसोटीच्या वेळीं मतदारसंघाकडे वळले. तत्त्व खोटें नव्हतें; त्याला ताण बसेपर्यंत तें टिकलें.

आपल्याकडे अशी तपासणी करणें अवघड आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनें जोडलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची जागाच धोक्यांत येते. त्यामुळें मतदारसंघाचें दडपण मतांत न दिसतां पक्षाच्या भूमिकेंत दिसतें. २०२० सालीं शेतमालविक्रीच्या वटहुकमांचें प्रथम समर्थन करणारें अकाली दल पंजाबांतील शेतकऱ्यांचा क्षोभ पाहून उलटलें, आणि १७ सप्टेंबर रोजीं हरसिमरत कौर बादल ह्यांनीं केंद्रीय मंत्रिपद सोडलें. तीन दिवसांनीं राज्यसभेंत विरोधकांनीं मतविभागणी मागितली असतांहि तीं विधेयकें आवाजी मतानें संमत झालीं. २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं ते कायदे रद्द करणारें विधेयक संमत झालें, तेंहि आवाजी मतानेंच. १८४६ च्या मे महिन्यांत कोणता सभासद कोणीकडे गेला हें आज नांवानिशीं वाचतां येतें. ह्या दोन्ही वेळची अशी यादी मात्र कोठेंहि नाहीं.