पाणी बाजूनं येतं

सकाळी ६.३०. आसनगावला उतरलं की माहुलीचे सुळके दिसू लागतात. मे महिन्याच्या धुरकट उजेडातही नवरा-नवरी ओळखू येतात. इथला काळा कातळ म्हणजे एकावर एक साचलेल्या लाव्हाचे थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. माहुली काही जमिनीतून वर आलेली नाही. भोवतालचं झिजून गेलं आणि ती उरली.

७.३०. पाड्यावरची निरीक्षण विहीर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशा विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. फीत खाली सोडायच्या आधी मी विहिरीची भिंत वाचतो. वर तांबूस माती, तिच्याखाली मुरूम. मुरमात गोल गोटे अडकलेत. एकावर बोट घासलं तर कांद्यासारखा पापुद्रा सुटतो आणि आत निळसर-काळा, घट्ट गाभा लागतो. फटींतून शिरलेलं पाणी दगडाचे कोपरे आधी खातं, म्हणून तो गोल होत जातो. गोट्यांच्या खाली अखंड कातळ. मुरूम संपतो आणि कातळ सुरू होतो त्या सांध्यावर ओलसर पट्टा आहे, तिथे शेवाळ अजून हिरवं आहे. विहिरीचं सगळं पाणी त्या पट्ट्यातून येतं.

हंडा भरून निघालेली आजी थांबते. "सायेब, आजून खाली खनून काय नाय. पानी बाजूनं येतं." अगदी बरोबर. खालच्या कातळात पाणी धरायला जागाच नाही, ते मावतं फक्त मुरमात आणि भेगांत. म्हणूनच वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा तालुका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. याच शहापुरातल्या तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. ही गोष्ट मला दर वर्षी नव्यानं टोचते.

११. किन्हवलीहून सरळगावच्या वाटेवर शेतं कापत गेलेली काळ्या दगडांची सरळ रांग. लोकांना तो कुणी घातलेला जुना बांध वाटतो. ती डाईक आहे: भेगेतून वर चढणारा लाव्हा आतच थिजला, आजूबाजूचा खडक आधी झिजला आणि ही भिंत उघडी पडली. कडेचा दगड बारीक दाण्याचा, कारण तिथे तो गार खडकाला टेकून चटकन थंड झाला. मधला जरा भरड. मी हातोडीनं ठोकून बघतो. खणखणीत आवाज, भेगा मिटलेल्या. अशी डाईक जमिनीतलं पाणी उताराच्या वरच्या अंगाला अडवून धरते. तडकलेली असती तर तिनंच ते वाहून नेलं असतं.

१. सरळगावात भाकरी, पिठलं.

२.३०. माळशेजच्या पायथ्याला रस्त्यासाठी तासलेल्या दरडीत दोन लाव्हाथरांमध्ये विटकरी पट्टा. एक थर थंड झाल्यावर त्यावर पुढचा लाव्हा येईपर्यंत मधे बराच काळ गेला, त्यात पृष्ठभाग कुजून माती झाली, अशी त्याची एक उकल. हा चिकण पट्टा पाणी खाली जाऊ देत नाही. त्याच्या माथ्यावर उन्हाळ्यातही झिरा जिवंत असतो, तिथे उंबर दिसतो. पावसाळ्यात याच सांध्यांवरून दरडी सुटतात, तेव्हा इथे उभं राहू नये.

५. मुरबाडच्या एसटी स्टँडवर वही. डाईकजवळच्या गावानं नव्या विहिरीसाठी सुचवलेली जागा तिच्या खालच्या अंगाला आहे, रस्त्याजवळ, सोयीची. नकाशावर ती खोडली आणि फुली वरच्या अंगाला मारली. हंड्याची वाट लांबणार हे दिसतंय, म्हणून वरच्या विहिरीतून खाली नळ आणायचा प्रस्तावही त्याच पानावर लिहिला.