कृष्णसाराचे भरतकाम

हल्ली मुलांच्या दुपट्यांवर व झबल्यांवर जे प्राणी भरलेले आढळतात, ते बहुधा बाजारी छापांवरून उतरविलेली विलायती कुत्र्यांची पिले असतात. टाके सुबक असतात, रंगही खुलतात. तथापि त्या प्राण्यांत जीव दिसत नाही. आमच्या मते हा दोष सुईचा नसून दृष्टीचा आहे. जो प्राणी कधी निरखून पाहिलाच नाही, तो कापडावर जिवंत कसा उतरावा?

वस्त्रावर प्राणी काढण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात वधूच्या रेशमी वस्त्रावर कलहंसांची नक्षी असल्याचा उल्लेख आहे. धारवाडकडील कसूतीत हत्ती व मोर छापावाचून, केवळ कापडाचे धागे मोजून भरतात. त्यातील गवंती व मुरगी हे टाके कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात.

वाशीम जिल्ह्यातील भगिनींना तर उत्तम नमुना घराजवळच आहे. कारंजा-सोहोळ येथे काळविटांचे अभयारण्य आहे. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत ज्याच्या मागे धावतो व तपस्वी ज्याला वाचवितात, तो कृष्णसार म्हणजे हाच काळवीट. त्याला एकदा डोळे भरून पाहावे आणि मगच सुई हाती घ्यावी.

कापड बदामी रंगाचे घ्यावे, म्हणजे पांढरा दोरा उठून दिसतो. नराची पाठ काळसर असते. पोट, हनुवटी व डोळ्याभोवतीचे कडे पांढरे. पाठ लांब-आखूड टाक्यांनी, मानेकडून शेपटीकडे, केसांच्या वळणाने भरावी. टाके आडवे पडल्यास अंग सतरंजीसारखे दिसते. काळा व पांढरा रंग एकमेकांत मिसळू देऊ नयेत, कारण प्रत्यक्षातही त्यांची सीमा स्पष्ट असते. दांडी टाका मुळातच पिळाच्या दोरीसारखा दिसतो, म्हणून पीळदार शिंगांस तोच शोभतो. डोळा सर्वांत शेवटी, गाठीच्या टाक्याने करावा. मादी भरावयाची असल्यास दोरा पिंगट घ्यावा व शिंगे काढू नयेत.

हे काम कोठे करावे? आमची सूचना अशी की, मुंजीत बटूच्या भिक्षेच्या झोळीवर करावे. पूर्वी मेखला व दंड यांसोबत बटूस कृष्णाजिनही देत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार व त्याच्या कातड्याचा व्यापार यांस बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. शास्त्रार्थ सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आईने दोऱ्याने भरलेला कृष्णसार मुलाच्या खांद्यावर शोभेल, आणि रानातला कृष्णसार रानातच सुखाने चरत राहील.