हिशोबाचा संगणक रेंगाळतो तेव्हा

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि अंबाजोगाईच्या लहान कापड दुकानांनाही संगणकावाचून गत्यंतर उरले नाही. उलाढाल असूनही मासिक ३ब विवरण २० तारखेपर्यंत गेले नाही, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क पडते. ऐन तारखेला संगणक रेंगाळला की व्यापारी बांधव नवाच घ्यायला निघतात. आधी निदान करावे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. सीपीयू, मेमरी, डिस्क यांपैकी कोणता आकडा शंभराला टेकला ते दिसते. बहुधा डिस्कच निघते. जुनी हार्डडिस्क फिरत्या तबकडीवरून वाचते, एसएसडीत फिरणारे काही नसते. तेवढी बदलली तरी जुना संगणक धावू लागतो.

दुसरा संशयित अँटीव्हायरस. दोन बसवले असतील तर एक काढावा. दोन चौकीदार एकमेकांचीच झडती घेतात! हिशोबाचा फोल्डर तपासणीतून वगळता येतो, संपूर्ण ड्राईव्ह मात्र कदापि वगळू नये. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या मुलांचीही हीच तक्रार असते, कारण प्रोग्राम तयार होताना हजारो बारीक फाईली उघडतात आणि प्रत्येकीची तपासणी होते.

दुरुस्तीपूर्वी डेटाची नक्कल पेनड्राईव्हवर घ्यावी, दुरुस्तीवाला ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.