लिंकन यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा कागद

अब्राहम लिंकन यांच्या आईवडिलांचं रीतसर लग्नच झालं नव्हतं, अशी कुजबूज त्यांच्या हत्येनंतरही कित्येक वर्षं चालू होती. लिंकन जन्मले केंटकीतल्या हार्डिन काउंटीत, म्हणून शोध तिथल्या कोर्टाच्या दप्तरात झाला आणि तिथे काहीच मिळालं नाही. कागद होता वॉशिंग्टन काउंटीच्या कोर्टात, स्प्रिंगफील्डला. 10 जून 1806 चं पन्नास पौंडांचं हमीपत्र, त्यावर वडील थॉमस लिंकन आणि जामीन म्हणून रिचर्ड बेरी. दोन दिवसांनी, 12 जूनला, धर्मोपदेशक जेसी हेड यांनी लग्न लावलं. आई नॅन्सी हँक्स ही बेरी कुटुंबाकडे राहत होती आणि हमीपत्र नवरीच्या काउंटीत होई. एवढं ध्यानात घेतलं असतं, तर त्या माउलीची इतकी वर्षं बदनामी झाली नसती.

अमेरिकेच्या त्या सरहद्दीवर घराणं शोधणाऱ्याने आधी काउंट्यांचा इतिहास पाहावा, नावं नंतर. माणूस जागचा हलत नाही आणि काउंटी मात्र बदलते. लिंकन यांच्या जन्मगावचा परिसर 1843 मध्ये हार्डिनमधून फुटून लारू काउंटीत गेला. शेत तेच, पण जुने कागद एलिझाबेथटाउनला आणि नंतरचे हॉजेनव्हिलला. त्याआधी, 1792 पर्यंत, सगळं केंटकीच व्हर्जिनियात होतं.

जनगणनेवर विसंबून तर मुळीच चालत नाही. केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या याद्या हरवल्या आहेत. तेव्हा हाताशी उरतात त्या करवसुलीच्या याद्या आणि जमिनीचे कागद.

जमिनीचे कागद फार बोलके आहेत. वॉरंट घ्यायचं, जागेची मागणी नोंदवायची, मोजणी करून घ्यायची आणि शेवटी सनद मिळवायची, असे जमीन मिळवण्याचे चार टप्पे होते. लिंकन यांच्या आजोबांचं नावही अब्राहमच. लाँग रन ओढ्यावरच्या त्यांच्या चारशे एकरांची मोजणी मे 1785 ची आहे. त्यात त्यांचं आडनाव ‘लिंकहॉर्न’ असं पडलंय. कारकुनाने कानावर आलं तसं लिहिलं. फक्त ‘लिंकन’ शोधणाऱ्याच्या हाती हा कागद लागणारच नाही. झाडांवर खुणा करणारा म्हणूनही त्याच कागदावर त्यांचं नाव आहे. म्हणजे त्या दिवशी ते हयात होते. आजोबा 1784 च्या सुमारास मारले गेले असं नातवाने 1860 मध्ये सांगितलं होतं. या कागदामुळे ते वर्ष टिकत नाही. अभ्यासक आता 1786 धरतात.

आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तशी केंटकीची मोजणी ओक, बीच, ओढ्याचं वळण अशा खुणांनी व्हायची. झाड पडलं की हद्द गेली. एकाच जमिनीवर दोघातिघांचे दावे बसत. थॉमस लिंकन या वादांना कंटाळून 1816 मध्ये इंडियानात गेले. गुलामगिरीचा मुद्दाही होता, पण मुख्य अडचण जमिनीच्या हक्काची होती, असं त्यांच्या मुलानेच नोंदवून ठेवलंय. इंडियानात केंद्र सरकारने चौकोनी भाग पाडून जमीन मोजली होती. थॉमसनी ऑक्टोबर 1817 मध्ये व्हिन्सेन्सच्या कचेरीत 160 एकर दोन डॉलर एकराने मागितले. ती नोंद आजही बिनचूक सापडते.

या कागदांमध्ये ज्यांची जमीन गेली त्या शॉनी लोकांचं नाव नाही. गुलाम माणसं करयादीत घोड्यांशेजारी, आकड्यात दिसतात. बायकांचीही तीच गत. 1840 पर्यंतच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. घरातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं पहिल्यांदा आली 1850 मध्ये. नॅन्सी 1818 सालीच वारली होती.